गालावरचा फिकट डाग: नाव ठेवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा. होळीच्या सुमारास दोन्ही गालांवर मिळून तीन फिकट डाग दिसू लागले, कड नीट कळत नाही. खाज नाही, दुखणं नाही. आजी म्हणतात पोटात जंत झालेत, शेजारच्या काकूंनी "कोड तर नाही ना" म्हणून धास्ती घातली, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. ती बारा दिवस लावली, तेव्हा डाग कमी वाटले. थांबवल्यावर पुन्हा तसेच. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की उजव्या दंडाच्या मागच्या बाजूलाही असाच एक डाग आहे, तो बऱ्याच दिवसांपासून आहे, पण बाहीखाली झाकला जातो.

तुम्ही विचारलंय गालाबद्दल. मला त्या दंडाची काळजी जास्त आहे. चेहऱ्यावरचा डाग चारचौघांना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. झाकलेल्या डागाकडे कुणी बघत नाही. तपासताना आम्ही मुलाचा शर्ट काढायला लावतो, तो याचसाठी. कधी कधी चेहऱ्यावरच्या डागाचं उत्तर पाठीवर किंवा मांडीवर सापडतं. त्यामुळे दंडाकडे मी परत येणार आहे.

आधी एक मर्यादा सांगतो. वर्णनावरून किंवा मोबाइलच्या फोटोवरून फिकट डागाचं निदान करणं धोक्याचं असतं. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने 'सुधारतो', फ्लॅशमध्ये फिकट डाग पांढराशुभ्र दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली तोच डाग गायब होतो. म्हणून मी खाली नाव सांगण्यापेक्षा काय बघायचं आणि का बघायचं ते सांगतो.

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, उघड्या खिडकीजवळ, मुलाचा चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. तेल, पावडर, क्रीम काही नको. मग पहिली गोष्ट रंग. डाग आजूबाजूच्या कातडीपेक्षा फक्त फिका आहे, की खडूसारखा, दुधासारखा पांढरा? गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत हा फरक नीट कळतो. फिकेपणा म्हणजे तिथे रंग कमी झालाय, पांढराशुभ्र म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशीच तिथे उरलेल्या नाहीत. आमच्या सगळ्या विचाराची पहिली फांदी इथेच फुटते.

दुसरी गोष्ट कड. पेनने गिरवता येईल अशी स्पष्ट रेघ आहे, की डाग कुठे संपतो ते सांगताच येत नाही? तिसरी गोष्ट पृष्ठभाग. नखाने अगदी हलकं खरवडून बघा. पिठासारखा बारीक कोंडा निघतो का? गाल तिरपा करून उजेडात बघितलात तर डागावर बारीक खरखर दिसते का? चौथी, डागावरचे केस. लव काळी आहे, पांढरी झालीय, की तिथे लवच नाही? आणि पाचवी गोष्ट काळ. जन्मापासून आहे, दोन महिन्यांपासून आहे, की तीन वर्षांपासून आहे? जुने फोटो काढून बघा, वाढदिवसाच्या फोटोत हमखास सापडतं. आईवडिलांची आठवण याबाबतीत फसवी असते, कारण डाग 'दिसला' तो दिवस आणि 'झाला' तो दिवस वेगळा असतो.

तुमच्या वर्णनात तीन गोष्टी आहेत: दोन्ही गाल, 'फिकट' हा शब्द, आणि 'कड नीट कळत नाही' हे वाक्य. सात वर्षांच्या मुलात, उन्हाळ्याच्या तोंडावर, हे वर्णन सगळ्यात जास्त जुळतं ते पिटिरियासिस आल्बा नावाच्या प्रकाराशी. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: कोंडा असलेला पांढुरका डाग. साधारण तीन ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये, बहुतेक वेळा गालांवर, हनुवटीवर, तोंडाच्या आजूबाजूला, कधी दंडावर आणि खांद्यावर हा दिसतो. हा खरं तर एक्झिमाचा, म्हणजे इसबाचा, फार सौम्य भाऊ. ज्या मुलांची कातडी मुळात कोरडी असते, ज्यांच्या घरात दमा, सर्दी-शिंका किंवा कोपराच्या-गुडघ्याच्या खोबणीत खाज असा इतिहास असतो, त्यांच्यात जास्त.

त्याचा प्रवास असा असतो. आधी कोरडी जागा किंचित गुलाबी होते. सावळ्या गालावर ही गुलाबी अवस्था बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मग तिथे बारीक कोंडा येतो. मग सूज ओसरते आणि मागे फिका ठिपका उरतो, कारण त्या सुजेच्या काळात रंगपेशींनी वरच्या पेशींना रंग पुरवणं कमी केलेलं असतं. म्हणजे तुम्हाला जो डाग दिसतोय तो रोग संपत आल्याची खूण आहे. आणि होळीलाच का दिसला? थंडीत कातडी कोरडी पडली तेव्हा मुळात सगळं घडून गेलेलं असतं; मार्चमध्ये ऊन वाढलं, मूल मैदानात खेळायला लागलं, आजूबाजूची कातडी रापली, आणि न रापलेली जागा उठून दिसली. होळीच्या रंगांना यात सगळा दोष देऊ नये, मात्र रंग काढायला साबणाने चार वेळा घासलेला गाल आणखी कोरडा पडतो, एवढं खरं.

आता घरातल्या मतांकडे वळू. आजींचं 'जंत' हे मत महाराष्ट्रात घराघरात आहे. गालावरचा फिका डाग आणि जंत यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वयात, एकाच मुलांमध्ये सर्रास आढळतात, म्हणून जोडी जमली. पण आजींशी वाद घालू नका. जंताची गोळी देण्यात काही बिघडत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, शाळेत अल्बेंडाझोल मिळतेच. दोन वर्षांवरच्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून. ती पोटासाठी द्या. डागासाठी दिली आणि डाग गेला नाही की लोक दुसरी, तिसरी गोळी देतात, तसं करू नका. कॅल्शियम कमी असण्याचंही तेच: या डागांचा आणि कॅल्शियमचा संबंध नाही, गोळ्या आणि टॉनिकच्या बाटल्या वाया जातात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने डाग पडतात, आंबट खाल्ल्याने वाढतात, यालाही आधार नाही. मुलाचं दही आणि लिंबू बंद करून डागाला काहीच फरक पडत नाही, फक्त मूल चिडतं.

काकूंच्या शंकेला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण ती भीती खोल असते. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, कड ठळक असते, त्यावर कोंडा नसतो, कातडी मऊ आणि एरवी अगदी निरोगी असते. त्याच्या आवडत्या जागा म्हणजे डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या कडा, बोटांची टोकं, गुडघे, कोपरं, घोटे, थोडक्यात जिथे घासलं जातं किंवा जिथे शरीराची 'दारं' आहेत तिथे. जिथे खरचटलं त्या रेघेवरच पांढरा डाग उमटला, तर ती कोडाची मोठी खूण. डागावरचे केस पांढरे असतील तर तीही. मुलांमध्ये कधी कधी फक्त एका बाजूला पट्ट्यासारखं कोड येतं. ते काही महिने पसरतं आणि बहुतेक वेळा थांबतं.

कोड असलंच, तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते स्पर्शाने पसरत नाही, ताट-वाटी वेगळी करण्याचा प्रश्नच नाही. आणि लवकर सुरू केलेले उपचार, टॅक्रोलिमसचं मलम किंवा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची चिकित्सा, चेहऱ्यावर चांगले लागू पडतात. आपल्या भाषेने इथे एक घोटाळा करून ठेवलाय. 'कोड' हा शब्द 'कुष्ठ'वरूनच आलेला, आणि कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणायची पद्धत. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोकांनी ज्याचा कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही अशा डागावर महारोगाची सगळी भीती चढवली. आणि उलटंही झालं: खऱ्या कुष्ठरोगाचा डाग पांढराशुभ्र असतो अशी समजूत झाली. तो तसा नसतो. तो फिका असतो, किंवा तांबूस. म्हणूनच तो 'साधा सुका डाग' म्हणून वर्षभर अंगावर राहतो.

आणि म्हणून मी दंडाकडे येतो.

एकच डाग, बरेच दिवसांपासून, झाकलेल्या जागेवर, खाज नाही, वाढही फारशी नाही: या वर्णनाची यादी केली तर तिच्यात निरुपद्रवी गोष्टीच जास्त येतील. गालावर जे आहे तेच दंडावर असू शकतं. पण लहान मुलातल्या एकट्या फिकट डागाच्या यादीत महाराष्ट्रात कुष्ठरोग ठेवावाच लागतो, आणि त्याला वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठलं. याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. विदर्भात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आणि आदिवासी पट्ट्यात नवे रुग्ण सापडत राहतात. शहरातल्या दाट वस्त्याही सुटलेल्या नाहीत. लहान मुलात तो सापडणं म्हणजे आसपास कुणाला तरी निदान न झालेला आजार आहे, म्हणून मुलासोबत घरातल्या सगळ्यांची तपासणी करतात.

काय बघायचं? कुष्ठरोगाचे जंतू कातडीतल्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, बसतात. त्यामुळे डागावरची संवेदना कमी होते, घाम येत नाही म्हणून जागा कोरडी राहते, आणि लव झडते. दंडासारख्या जागी घरीसुद्धा एक प्राथमिक चाचणी करता येते. कापसाची बारीक वात करा. आधी मुलाला डोळे उघडे ठेवून दुसऱ्या हातावर स्पर्श करा आणि 'जिथे लागलं तिथे बोट ठेव' हे शिकवा. समजलं की डोळे बंद. मग कधी डागावर, कधी शेजारच्या कातडीवर, कधी दुसऱ्या दंडावर, क्रम बदलत स्पर्श करा. मधूनच अजिबात स्पर्श न करता 'आता?' असं विचारा. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मुलं आपल्याला खूश करायला प्रत्येक वेळी 'हो' म्हणतात. वात घासू नका, फक्त टेकवा. घासली की शेजारच्या कातडीला कळतं आणि उत्तर चुकतं. टाचणी, सुई, गरम चमचा असलं काही वापरू नका. दवाखान्यात गार-कोमट पाण्याच्या परीक्षानळ्या वापरतात, कारण उष्ण-थंड ओळखण्याची जाणीव बहुधा आधी जाते.

या चाचणीला दोन मर्यादा आहेत. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांची उत्तरं भरवशाची नसतात. आणि ही चाचणी चेहऱ्यावर करू नका, किमान तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. चेहऱ्याला नसांचं जाळं इतकं दाट असतं की तिथल्या कुष्ठरोगाच्या डागावरही स्पर्श पूर्ण कळू शकतो. 'गालावर कळतंय, म्हणजे काही नाही' हा निष्कर्ष चुकतो तो इथे. डॉक्टर म्हणून आम्ही डागाबरोबर नसाही चाचपतो: कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ती नस, आणि मान वळवल्यावर कानाखाली दिसते ती. दोरीसारखी जाड लागली, दाबल्यावर दुखली, तर डाग कितीही साधा दिसो, वाट बदलते. शंका राहिली तर डागाच्या कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात.

कुष्ठरोग निघालाच तर उपचार ठरलेले आहेत: बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र, सरकारी दवाखान्यात मोफत, रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष. उपचार सुरू झाल्यावर मूल थोड्याच दिवसांत इतरांना संसर्ग देईनासं होतं, शाळा थांबवावी लागत नाही. नसेला इजा होण्याआधी पकडला तर बहुतेक वेळा पुढे कसलंही व्यंग उरत नाही. उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात पण गेलेली नस परत येत नाही. म्हणूनच मी गालापेक्षा दंडावर एवढा वेळ घालवतोय. आणि लोकलाजेचं म्हणाल, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं ते २०१९ मध्ये काढून टाकलं. माणसांच्या मनातून निघायला अर्थातच वेळ लागेल.

आणखी काही शक्यता आहेत, त्या पटकन सांगतो. शिबे तुम्हाला माहीत असतील: छाती, पाठ, मान आणि मुलांमध्ये कपाळ-गालही, नखाने खरवडलं की स्पष्ट कोंडा सुटतो, ठिपके एकमेकांत मिसळून नकाशा तयार होतो. कातडीवर एरवीही राहणारं एक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, तेल आणि घामावर वाढतं, त्यामुळे चेहऱ्यावर रोज खोबरेल तेल चोपडणाऱ्या मुलांमध्ये ते जास्त. यावर बुरशीविरोधी मलम किंवा शाम्पू लागतो, मॉइश्चरायझर नाही; आणि यीस्ट मेल्यावरही फिकेपणा काही महिने राहतो, म्हणून लोक तेच औषध पुन्हा पुन्हा लावत बसतात. जन्मापासून किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसलेला, अंगाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा, करवतीसारख्या कडेचा एकटा फिका डाग ही जन्मखूण असते, तिला काही करावं लागत नाही. पण पानाच्या आकाराचे फिके डाग तीन किंवा अधिक असतील, विशेषतः मुलाला फिट्स आलेल्या असतील, तर ते बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवेत. तसंच चहाच्या रंगाचे, म्हणजे फिके नव्हे तर तपकिरी, पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक डाग असतील, किंवा काखेत बारीक तपकिरी ठिपके असतील तरी. नितंब आणि मांड्यांवर वर्षानुवर्षं टिकून राहणारे, कशानेच न हटणारे फिके डाग असतील तर कातडीचा तुकडा तपासून बघावा लागतो.

एक प्रकार वेगळाच आहे, पण 'मुलाच्या अंगावर डाग' एवढं ऐकून इथे येणाऱ्या दुसऱ्या पालकांसाठी लिहून ठेवतो. लाल-जांभळे ठिपके अचानक उठले आणि पारदर्शक काचेचा पेला दाबून बघितला तरी ते फिके पडत नाहीत, तर वाट बघू नका. त्याबरोबर ताप असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. सावळ्या मुलात हे तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला लवकर दिसतं.

आता ती ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मोबाइलने मोठं करून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, यातलं एखादं नाव असेल आणि त्याबरोबर निओमायसिन, जेंटामायसिन, मायकोनाझोल, क्लोट्रिमाझोल अशांपैकी एक-दोन असतील, तर ते स्टेरॉइडचं मिश्रण आहे. 'सगळ्यावर चालतं' म्हणून दिलं जातं ते हेच. कागदोपत्री जोरदार स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्ष काय होतं ते तुम्हीच अनुभवलंत.

बारा दिवसांत डाग बरे वाटले ते का, हे समजून घ्या. स्टेरॉइड सूज दाबतं, गालाची लाली आणि खरखर जाते, म्हणून बरं वाटतं. पण तेच स्टेरॉइड स्वतः कातडीचा रंग फिका करतं. म्हणजे फिक्या डागावर जोरदार स्टेरॉइड लावत राहिलं तर डाग जाण्याऐवजी त्याला नवं कारण मिळतं. आठवड्यांमागून आठवडे लावलं तर गालाची कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. डोळ्याजवळ सतत लागलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. डाग बुरशीचा असेल तर बुरशी वरून झाकली जाते आणि आत पसरते. मग गोल कड, मधे साफ असं ओळखीचं रूप राहत नाही आणि अनुभवी डॉक्टरही चकतो. बारा दिवसांत यातलं काही कायमचं झालेलं नसतं. थांबवली ते बरोबर केलंत. थांबवल्यावर थोडी लाली, थोडी खाज आठवडाभर वाढू शकते, ती बघून पुन्हा सुरू करू नका. तपासायला जाताना मात्र ती ट्यूब सोबत न्या. 'एक पांढरी ट्यूब होती' यावरून आम्हाला काही कळत नाही.

दंडावर ट्यूब लावली होती का? लावली असेल तर तेही सांगा.

गालांसाठी करायचं काय? डाग 'घालवायचा' नसतो, कातडी कोरडी पडू द्यायची नसते. रंग आपला आपण येतो. अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं, जास्त नाही. चेहऱ्याला जंतुनाशक साबण, डाळीचं पीठ, उटणं, दगड, काथ्या, काही नको. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश किंवा नुसतं पाणी. टॉवेलने टिपा, पुसू नका, आणि कातडी ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. बिनवासाचं कुठलंही साधं चालतं. नुसती पांढरी पेट्रोलियम जेलीसुद्धा काम करते, फक्त उन्हाळ्यात ती चिकट लागते आणि मूल पुसून टाकतं, म्हणून दिवसा क्रीम आणि रात्री जेली अशी वाटणी सोयीची.

किती लावायचं यात बहुतेक घरं चुकतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. सात वर्षांच्या मुलाच्या चेहरा-मानेला अशा दोन पट्ट्या लागतात, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हटलं तर महिन्याला साठ ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरतेय असं असेल तर ती लागत नाहीये, असं समजा. आणि फक्त डागावर ठिपका ठेवू नका, पूर्ण चेहऱ्याला लावा. डागाच्या शेजारची कोरडी जागा हाच उद्याचा डाग असतो.

जागा अजून गुलाबी किंवा खरखरीत असेल, मूल खाजवत असेल, तर डॉक्टर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं अगदी सौम्य स्टेरॉइड पाच ते सात दिवस देतात, किंवा दोन वर्षांवरच्या मुलांना ०.०३ टक्के टॅक्रोलिमस. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस चुरचुरतं, ते आधी सांगितलेलं नसलं की पालक दुसऱ्याच दिवशी बंद करतात. गुलाबीपणा संपून नुसता फिकेपणा उरला असेल तर ही दोन्ही औषधं फारसं काही देत नाहीत, माझ्या मते तिथे ती नकोत.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. 'ऊन लागलं की रंग भरेल' म्हणून मुलाला मुद्दाम उन्हात बसवतात. ऊन आजूबाजूचीच कातडी जास्त रापवतं आणि डाग आणखी उठून दिसतो. मैदानात जाताना रुंद काठाची टोपी, आणि जमलं तर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. त्याने डाग बरा होत नाही, फरक कमी दिसतो एवढंच. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं हा तर कातडी भाजून घ्यायचा उपाय आहे. आणि बावची. काकूंच्या धास्तीनंतर कुणीतरी बावचीचं तेल सुचवेलच. बावचीत सोरालेन असतं, जे ऊन लागलं की कातडीवर तीव्र क्रिया करतं. डॉक्टर त्याच जातीचं औषध मोजून-मापून वापरतात, पण घरी लावलेल्या बावचीवर दुपारचं ऊन लागलं की मोठमोठे फोड येतात, आणि ते भरल्यावर काळा डाग उरतो. सात वर्षांच्या गालावर ते नकोच.

वेळ किती लागतो? खरखर दोन-तीन आठवड्यांत जाते. रंग परत यायला काही महिने लागतात, कधी वर्ष. दर हिवाळ्यात नवा ठिपका येणं आणि उन्हाळ्यात तो दिसणं असं तीन-चार वर्षं चालू शकतं, आणि वयात आल्यावर हा प्रकार बहुतेक वेळा आपसूक थांबतो. लोक तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलतात, चौथा डॉक्टर जोरदार ट्यूब देतो, आणि मग खरं दुखणं सुरू होतं. प्रगती डोळ्याने मोजू नका. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून डागाचं माप कळतं. कडा आतून बुजत येताना दिसल्या की काम होतंय.

तपासणीच्या दिवशी चेहऱ्याला आणि दंडाला काहीही लावू नका. वुड्स लॅम्प म्हणजे अतिनील दिव्याखाली अंधाऱ्या खोलीत बघतात, त्यात कोड निळसर-पांढरं झळकतं आणि पिटिरियासिस आल्बा तसा झळकत नाही. पण मलमांचे आणि सनस्क्रीनचे थरही त्या दिव्यात चमकून घोळ घालू शकतात. शिब्यांची शंका असेल तर कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात; त्याआधी आठवडाभर बुरशीचं मलम लावलेलं असेल तर काही सापडत नाही. रक्ताच्या तपासण्यांची या डागांसाठी सरसकट गरज नाही. कोड ठरलं तर मात्र थायरॉइड बघतात.

डागाची कड आठवड्या-आठवड्याला ठळक होत चालली, रंग खडूसारखा झाला, लव पांढरी झाली, किंवा तीन महिने नीट मॉइश्चरायझर लावूनही नवे डाग येतच राहिले, तर गालांसाठीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तोवर गालांना घाई नाही.

दंडाला मात्र आहे. कापसाची चाचणी तुम्ही घरी केलीत आणि स्पर्श नीट कळला, तरी ती फक्त पहिली पायरी समजा. या आठवड्यात एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात, शर्ट काढून दाखवा आणि 'बरेच दिवसांपासून' म्हणजे नेमके किती महिने, ते जुन्या फोटोंवरून काढून सांगा. बिनबाहीचा बनियन घातलेला एखादा उन्हाळ्याचा फोटो घरात नक्की असेल.